टँकर नेमका कोण पितंय?

पत्र

आमची सोसायटी पुण्यात, खराडीला. दोन विंग, सहा मजले, ४८ फ्लॅट, माणसं साधारण १८०. इमारत बारा वर्षांची. महापालिकेचं पाणी दिवसाला १२ हजार लिटरच्या आसपास येतं. बोअर मार्चलाच दम टाकते आणि मग जून उजाडेपर्यंत रोज दहा हजार लिटरचे तीन टँकर. महिन्याचं बिल नव्वद हजारांच्या घरात.

मी गेल्या वर्षी सेक्रेटरी झाले. महिन्यापूर्वी आम्ही पाणी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास असं बांधून दिलं. पहिल्या आठवड्यात दोन टँकरांत भागलं, पण आता पुन्हा तीनच लागतात. गाड्या धुणं बंद केलं. भांडीवाल्या मावशींसाठी नोटीस लावली. तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी रोज सकाळी दारापुढे सडा घालतात आणि जिन्याच्या पायऱ्या ओल्या फडक्यानं पुसतात. कुणीतरी त्यांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि मी त्याखाली ‘हे ताबडतोब बंद करा’ असं लिहिलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

पंधरा दिवसांनी सर्वसाधारण सभा आहे. दोनच प्रश्न विचारते. दंड किती ठेवावा? आणि घरटी मीटर बसवले तर फरक पडेल का?

— त्रासलेली सेक्रेटरी

उत्तर

ताई, तुमचे प्रश्न दोन असले तरी उत्तर तुम्हीच पत्रात लिहून बसला आहात. ‘पहिल्या आठवड्यात दोन टँकरांत भागलं’ हे वाक्य पुन्हा वाचा.

पाणी तीन तासांवर आणलंत म्हणून १८० माणसांनी एका रात्रीत आंघोळी अर्ध्या केल्या का? कपडे कमी धुतले? कुकर कमी लावले? तसं काही होत नसतं. लोकांनी दुसऱ्याच दिवशी पिंप, बादल्या, पातेली भरून ठेवली असणार. तरीही दिवसाचे दहा हजार लिटर वाचले, म्हणजे ते माणसं वापरत नव्हतीच. नळाला पाणी नसलेल्या त्या एकवीस तासांत कुठली तरी गळती उपाशी राहिली आणि तिच्या वाट्याचा टँकर उरला.

मग पुन्हा तीन का लागायला लागले? घरोघरी साठा वाढला म्हणून. आपल्याकडे आदल्या दिवशीचं पाणी ‘शिळं’ होतं. ताजं पाणी आलं की कालचं पिंप मोरीत रिकामं करायचं आणि नव्यानं भरायचं, हा रिवाज मी मुंबईच्या चाळींपासून मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांपर्यंत पाहिलाय. शिवाय पाणी गेलेलं असताना कुणीतरी नळ उघडून बघतं, तसाच सोडून ऑफिसला जातं, आणि संध्याकाळी सहाला पाणी आलं की कुलूपबंद घरात तो नळ तासभर वाहतो. तेव्हा पहिली गोष्ट ही करा : वेळा रद्द करा. रिकाम्या झालेल्या नळीत बाहेरची घाण ओढली जाते, हा तोटा वेगळाच. फक्त रद्द करण्याआधी खाली सांगतो ती तपासणी उरकून घ्या, नाहीतर वाचलेला टँकर परत गळतीच्या घशात जाईल.

आता आकडे. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे आपल्याकडचं नियोजनाचं माप आहे. त्यातले साधारण ४५ लिटर संडासच्या फ्लशला आणि उरलेले बाकी सगळ्याला. १८० माणसांना गुणलं तर २४,३०० लिटर. तुमच्याकडे रोज येतं ४२ हजार, म्हणजे माणशी २३० लिटरच्या वर. वरचे १७-१८ हजार लिटर म्हणजे पावणेदोन टँकर. आजींचा सडा आणि जिना धरून अर्धी बादली, म्हणजे दहा लिटर. एवढा एकच भागाकार कागदावर करून सभेत वाचलात, तरी निम्मी भांडणं मिटतील.

गळती शोधायला प्लंबर नंतर बोलवा. आधी एक लांब काठी, एक मोजपट्टी आणि एक जागी रात्र लागेल.

जमिनीखालच्या टाकीपासून सुरुवात करा. आतली लांबी-रुंदी मोजा. समजा ती पाच मीटर बाय चार मीटर निघाली, तर पाण्याची पातळी एक सेंटिमीटर हलली की २०० लिटर हलले. हे गणित वॉचमनच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवा. रात्री एक वाजता पंप बंद, महापालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद. काठी बुडवून खूण करा आणि पाच वाजता पुन्हा बुडवा. बंद टाकीची पातळी रेसभरही उतरता कामा नये. सहा सेंटिमीटर उतरली तर चार तासांत १,२०० लिटर जमिनीत गेले, म्हणजे दिवसाला सात हजारांवर. बारा वर्षांच्या टाकीला तडा असणं नवलाचं नाही. हा तडा नुसता पाण्याच्या पैशांचा प्रश्न नसतो. ज्या फटीतून पाणी बाहेर जातं, त्याच फटीतून टाकी रिकामी असताना शेजारच्या ड्रेनेजचं पाणी आत येऊ शकतं. पावसाळ्यात इमारतीत एकदम पोटं बिघडली की सगळे बाहेरच्या पाणीपुरीला दोष देतात.

त्याच काठीनं टँकरही मोजा. दहा हजार लिटर ओतले तर वीस चौरस मीटरच्या टाकीत पाणी बरोबर ५० सेंटिमीटर चढायला हवं. ४२ चढलं तर बिल कशाचं भरताय ते समजेल. मोजताना मात्र पंप बंद ठेवा, नाहीतर टँकरवाला तुम्हालाच खोटं ठरवेल. आणखी एक जागा लोक हमखास विसरतात. टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा बॉलकॉक हा महापालिकेच्या लाइनवर असतो, टँकरच्या पाइपवर नाही. दोन टँकर पाठोपाठ आले की दुसऱ्याचं शेवटचं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून गुपचूप पावसाळी गटारात जातं. रस्त्यावर एक थेंब दिसत नाही, त्यामुळे कुणाचा व्हिडिओही निघत नाही.

पुढच्या रात्री गच्चीवर जा. एका विंगच्या टाकीचं क्षेत्रफळ साडेसात चौरस मीटर धरू, म्हणजे एक सेंटिमीटरला ७५ लिटर. टाकी भरून घ्या, पंप बंद करा, पण खाली जाणाऱ्या लाइन चालू ठेवा. पुन्हा एक ते पाच. या वेळेत २४ घरांत मिळून तीसेक वेळा फ्लश ओढला जाईल, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे लिटर आणि तीन-साडेतीन सेंटिमीटर. पातळी १५ सेंटिमीटर उतरली असेल तर उरलेले ८५०-९०० लिटर झोपलेल्या इमारतीनं प्यायले. दिवसाचे झाले पाच हजारांवर, आणि ही एका विंगची गोष्ट. मग टाकीखालच्या डाउनटेकचे, म्हणजे गच्चीवरून घरांकडे उतरणाऱ्या उभ्या नळ्यांचे, व्हॉल्व्ह एकेक करून बंद करत जा. जो बंद केल्यावर पातळी थांबते, त्याच रांगेतल्या सहा घरांत चोर आहे.

हा चोर बहुतेक वेळा संडासात सापडतो. टपकणारा नळ सगळ्यांना दिसतो म्हणून बदनाम. सेकंदाला एक थेंब पडला तरी तो दिवसाला वीसेक लिटरच घालवतो. फ्लशच्या टाकीच्या तळाचं रबर कडक झालं, की भांड्याच्या मागच्या बाजूनं कागदासारखा पातळ पापुद्रा होऊन पाणी उतरत राहतं. आवाज नाही, दिसणं नाही, आणि दिवसाला दोनशे लिटर सहज जातात. तुमच्याकडे बोअर आणि टँकरचं जड पाणी असल्यामुळे क्षार बसून ही रबरं लवकर खराब होणार. घरटी दोन धरून ९६ संडासांपैकी दहा जरी असे निघाले तरी दोन हजार लिटर झाले.

तपासायची युक्ती स्वयंपाकघरातली आहे. जिलबीचा केशरी रंग चिमूटभर फ्लशच्या टाकीत टाका आणि वीस मिनिटं कुणी फ्लश ओढायचा नाही. भांड्यात केशर उतरलं की रबर बदला. भिंतीत गाडलेली टाकी असेल तर बटणाची पट्टी काढून वरून रंग टाकता येतो. रविवारी सकाळी दहा वाजता सगळ्या इमारतीत एकदम करा. पोरांना घरोघर पुड्या वाटायला लावा, कारण पोरांना दार उघडलं जातं, कमिटीला नाही. रबर-वॉशर सोसायटीनं घाऊक आणावेत, एकाच प्लंबरला दोन दिवस बसवावं आणि घरमालकांकडून पैसे मागू नयेत. घराच्या आतली दुरुस्ती सोसायटीनं का करायची, असा प्रश्न सभेत नक्की येईल. एका टँकरच्या पैशात किती वॉशर येतात तेवढं सांगा.

इथं एक कबुली देऊन टाकतो. तीस वर्षं मी इमारतींच्या नळकामाचे आराखडे तपासले. आमच्या स्वतःच्या सोसायटीत मात्र सात महिने पाण्यावरून भांडणं चालली होती आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं बोलणारा मी. पहिल्या मजल्यावरच्या पाळणाघराकडे माझं बोट होतं. शेवटी रंगाची तपासणी झाली तेव्हा ‘बी’ विंगमधला सगळ्यात गळका फ्लश माझ्याच घरचा निघाला, पाहुण्यांच्या संडासातला. तो कुणी वापरत नाही म्हणून तिकडे कुणी बघतही नव्हतं. पाळणाघराच्या बाईंनी एक शब्द काढला नाही. नुसता चहा पाठवला. तो चहा गिळणं फार अवघड गेलं.

गळती आवरली की पुढचा मुद्दा दाबाचा. गच्चीवरच्या टाकीतून पाणी दहा मीटर खाली उतरलं की दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोनं वाढतो. तुमच्या सहाव्या मजल्याला जेमतेम तीन-चार मीटरचा दाब मिळतो आणि पहिल्याला वीस मीटरचा. दाब सहापट झाला की तोच नळ तेवढाच उघडूनही जवळपास अडीचपट पाणी फेकतो. सहाव्या मजल्यावरची माणसं कमी पाणी वापरतात ती काही जास्त संस्कारी म्हणून नव्हे. खालच्या तीन मजल्यांच्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवता येतो, आणि तो महागही नाही. तोवर तिथल्या फ्लॅटमधले प्रत्येक लाइनचे कॉक अर्धे फिरवून ठेवले तरी काम भागतं.

भांडीवाल्या मावशींची नोटीस आधी काढा. सिंकचा नळ मिनिटाला बारा लिटर सोडत असेल तर दहा मिनिटांच्या भांड्यांत १२० लिटर जाणारच, मग घासायला मावशी असोत नाहीतर घरमालक. नळाच्या तोंडाला हवा मिसळणारी जाळी लावली की तेच काम मिनिटाला पाच लिटरमध्ये होतं. म्हणजे दहा मिनिटांत पन्नास. धार भरघोस दिसते, त्यामुळे कुरकूर होत नाही. बंगळुरूत २०२४च्या मार्चमध्ये टंचाई आली तेव्हा तिथल्या जलमंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाडी धुण्याला पाच हजारांचा दंड लावला. पेपरात मथळा दंडाचा आला. त्याच महिन्यात व्यापारी इमारतींना अशा जाळ्या सक्तीच्या केल्या गेल्या, ती बातमी फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. जाळी सिंक आणि वॉशबेसिनलाच बसवा. बाथरूमच्या नळाला लावून उपयोग नाही, वीस लिटरची बादली वीस लिटरच घेणार, फक्त भरायला वेळ लागेल आणि लोक जाळी काढून फेकतील. जड पाण्यानं जाळी दोन-तीन महिन्यांनी तुंबते, ती रात्रभर लिंबाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये ठेवायची.

तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण पुण्यातल्या बारा वर्षांच्या इमारतीवर सोलर असणारच. मग सकाळी सहा ते आठ काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. गरम पाण्याचा नळ सोडायचा आणि हात धरून वाट बघायची. वीस मिलिमीटरच्या नळीत मीटरला तीनशे मिलिलिटर पाणी बसतं. रात्रभर थंड पडलेली तीस मीटरची नळी रिकामी करायला नऊ-दहा लिटर लागतात, म्हणजे अर्धी बादली चांगलं पाणी गरम नाही या एकाच गुन्ह्याखाली मोरीत. बऱ्याच घरांत दोन बाथरूम, दोन वेळा. हिशोब मोठा होतो आणि तो कुणालाच उधळपट्टी वाटत नाही. गरम लाइनला परतीची नळी आणि टायमरवर चालणारा छोटा पंप असेल तर पाणी आधीच फिरून गरम राहतं. नसेल, तर निदान गच्चीवरच्या आणि डक्टमधल्या नळ्यांचं फाटलेलं आवरण नवं करा आणि लोकांना सांगा की ते पहिलं थंड पाणी बादलीत धरून फरशीला वापरा. आर.ओ.च्या बाहेर टाकलेल्या पाण्याचंही तेच. टँकरच्या पाण्यामुळे आर.ओ. काढायला सांगणं कठीण, पण एका लिटरमागे दोन-तीन लिटर तो बाहेर टाकतो, एवढं लक्षात असू द्या.

आता तुमचे दोन प्रश्न. घरटी मीटर ऐकायला फार न्याय्य वाटतं. पण तुमच्या इमारतीत प्रत्येक घराला पाणी एका नळीनं येत नाही. स्वयंपाकघराची लाइन वेगळी, दोन्ही बाथरूमच्या वेगळ्या, फ्लशची वेगळी, सोलरची वेगळी. एका घराला चार-पाच मीटर, ४८ घरांना दोनशेच्या वर, आणि जड पाण्यात दोन वर्षांनी त्यातले किती खरं बोलतील? नवी इमारत असती तर मी आग्रह धरला असता. तुम्ही तूर्त प्रत्येक डाउनटेकला एक आणि टँकरच्या तोंडाला एक मीटर बसवा. कुठल्या रांगेत पाणी जास्त जातंय हे समजतं, आणि सहा घरं आपापसात बोलून बघतात. पैसे घरटी माणसांवर वाटायचे की फ्लॅटवर, हा वाद सभेत निघाला तर सोसायट्यांचे नमुना उपविधी, म्हणजे नियमांचं पुस्तक, उघडा. त्यात पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर वाटायची पद्धत दिलेली आहे. दुसरं काही करायचं तर सभेचा ठराव नीट करून घ्या, ग्रुपवर अंगठे मोजून नव्हे.

दंड मात्र ठेवूच नका, निदान या वर्षी. ज्या सोसायटीची स्वतःची टाकी गळते तिनं रहिवाशाकडून दंड घेतला तर तो पहिल्याच सभेत उलटतो.

गच्चीचं पावसाचं पाणी जूनआधी विचारात घ्या. तुमच्या बाजूला पश्चिमेपेक्षा पाऊस कमी, तरी ६०० मिलिमीटर धरू. गच्ची ८०० चौरस मीटरची असेल तर गळती-बाष्प वजा जाता पावणेचार लाखांच्या आसपास लिटर, म्हणजे ३७-३८ टँकर. ते साठवायला जागा नाही, म्हणून बोअरमध्ये मुरवायचं. पण आपल्याखाली काळा बसाल्ट आहे. जिथे भेगा आहेत तिथेच तो पाणी घेतो. आधी बोअरमध्ये एक टँकर सावकाश ओतून ती किती वेळात गिळते ते बघा, मगच वाळू-खडीच्या गाळणीचा खर्च करा. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर सोडायची सोय हवीच, कबुतरांची विष्ठा बोअरमध्ये घालवायची नाही.

राहिल्या आजी. त्यांच्याकडे उद्याच जा, सभेची वाट बघू नका, आणि ग्रुपवर माफी लिहून भागेल असं समजू नका. ज्या ग्रुपवर लिहिलं तिथे तर लिहाच, पण आधी दार वाजवा. जाताना हातात काठी-मोजपट्टी असू द्या म्हणजे बोलायला विषय मिळेल. त्यांच्या वयाच्या माणसांना रात्री झोप लागत नाही. वॉचमन, पंपवाला, तुम्ही, सगळे झोपलेले असताना त्या जाग्या असतात. रात्री दोन-तीन वाजता डक्टमधून पाण्याचा आवाज येतो का, आणि कुठल्या बाजूनं, हे त्यांना विचारा.